आपला पॉडकास्ट ऐकणार कोण? कांदिवलीतल्या एका छोट्या प्रयत्नाचे धडे

"सर, तुमचा तो पॉडकास्ट कुठे लागतो?" शाळेच्या गेटवर एका पालकांनी आम्हाला विचारलं. ‘लागतो’ हा शब्द त्यांनी रेडिओवरून घेतलेला. आम्ही त्यांच्याच फोनमध्ये शोधून दिला. त्यांनी उभ्या उभ्या दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "अरे, ह्या तर अगदी आमच्या अम्मीसारख्या बोलतायत!"

तोवर आमचे सहा भाग झाले होते आणि कुठल्याही भागाला वीस-पंचवीसच्या वर श्रोते मिळाले नव्हते. त्यातले निम्मे घरचेच. लोकांना आवडत नाही म्हणून ऐकत नाहीत, अशी आमची समजूत झाली होती. त्या दिवशी कळलं, की ज्यांना आवडेल त्यांच्यापर्यंत आम्ही पोहोचलोच नव्हतो.

आता काही तरुण आणि काही पालकही विचारतात, "आम्हालाही सुरू करायचाय, पण ऐकणार कोण?" आम्ही यातले जाणकार नाही. पण चुका करून जे शिकलो, ते सांगायला हरकत नाही.

हे कशासाठी?

आम्ही कांदिवलीत राहणारे तीन शिक्षक. घरात उर्दू, वर्गात मराठी, बाजारात दोन्ही. शनिवारी मगरिबनंतर एखाद्या घरी जातो आणि तिथल्या बुजुर्गांशी अर्धा तास बोलून ते मोबाइलवर रेकॉर्ड करतो. गाव कुठलं, मुंबईत कधी आलात, पहिली खोली कुठे मिळाली, शेजारी कोण होते, ईदला काय शिजायचं. बस, इतकंच.

यामागे एक कारण आहे. मुसलमानांना मराठी येत नाही, हे वाक्य आपल्या मुलांना अजून ऐकावं लागतं. ज्या समाजाने बार्शीचे शाहीर अमर शेख दिले, ज्या समाजातल्या लेखकांनी १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवलं, त्या समाजाला हे ऐकावं लागतं. पण लिहिणारे नेहमी थोडेच असतात. बाकीच्यांची मराठी कागदावर आलेली नाही, ती बोलण्यात आहे. रत्नागिरी-रायगडकडच्या घरांतली कोकणी, सोलापूर-मराठवाड्याकडची दखनी मिसळलेली मराठी, चाळीत शेजाऱ्यांकडून शिकलेली मराठी. ही बोलणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.

एका दादींकडे जायचं आम्ही ठरवलं होतं. परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली, आम्ही दोनदा पुढे ढकललं. तिसऱ्या वेळी फोन केला तेव्हा कळलं, त्यांचा इंतकाल झाला. त्यांची मराठी त्यांच्यासोबत गेली. तेव्हापासून आम्ही तारीख पुढे ढकलत नाही.

पॉडकास्ट म्हणजे नेमकं काय?

आवाजाची मालिका, जी ऐकणारा आपल्या सवडीने ऐकतो. ‘पॉडकास्ट’ हा शब्द पहिल्यांदा २००४ साली ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ वृत्तपत्रात बेन हॅमर्सली या पत्रकाराने वापरला. रेडिओ ठरलेल्या वेळी लागतो. पॉडकास्ट भाजी निवडताना, लोकलमध्ये उभं असताना, केव्हाही ऐकता येतो.

काम असं चालतं. रेकॉर्ड केलेली फाइल होस्टिंग देणाऱ्या एका सेवेवर चढवायची. ती सेवा एक आरएसएस फीड तयार करते, म्हणजे भागांची आपोआप अद्ययावत होणारी यादी. स्पॉटिफाय, अ‍ॅपल यांसारखी अ‍ॅप ही यादी वाचतात. फीड तिथे एकदा नोंदवली, की पुढचा प्रत्येक भाग आपोआप जातो. काही सेवा यासाठी पैसे घेत नाहीत. यूट्यूबवरही तो भाग टाकावाच, कारण आपल्याकडच्या बहुतेक घरांत वेगळं पॉडकास्टचं अ‍ॅप नसतं, यूट्यूब मात्र असतंच.

म्हणजे भाग ‘चढवणं’ दहा मिनिटांचं काम आहे. अवघड काम त्याच्या पुढे सुरू होतं.

आधी सयानी मायलेकांकडून शिकू या

श्रोते कसे वाढवायचे, याचे सल्ले इंटरनेटवर ढिगाने आहेत. आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं ते मुंबईच्याच एका घराचं उदाहरण.

१९५२ साली बी. व्ही. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. ती गाणी रेडिओ सिलोनने उचलली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक होते विशीच्या उंबरठ्यावरचे अमीन सयानी. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा आणि टेप कोलंबोला जायची. मानधन आठवड्याला २५ रुपये. त्यात लिहिणं, बोलणं आणि आलेली पत्रं तपासणं, सगळं त्यांच्याकडेच.

सुरुवातीला एक सोपी स्पर्धा होती. सात गाणी वाजवायची आणि ती योग्य क्रमाने लावून श्रोत्यांनी पत्राने कळवायची. बक्षीस १०० रुपये. चाळीस-पन्नास पत्रं येतील असा अंदाज होता. पहिल्याच कार्यक्रमाला ९ हजार आली! पुढे हा आकडा आठवड्याला ६५ हजारांपर्यंत गेला. इतकी पत्रं तपासणं अशक्य झालं, तेव्हा स्पर्धा बंद करून गाण्यांची लोकप्रियतेनुसार क्रमवारी सुरू केली. त्या क्रमवारीसाठी दुकानांतल्या रेकॉर्डच्या विक्रीबरोबर गावोगावच्या श्रोता संघांचं मतही घेतलं जायचं. आताच्या झारखंडमधलं झुमरी तिलैया हे छोटं गाव तर रेडिओला फर्माइशी पाठवून देशभर माहीत झालं.

गाणी इतर केंद्रांवरही लागायची. मग लोक याच कार्यक्रमाला का चिकटले? आम्हाला वाटतं, सयानींनी श्रोत्याला काहीतरी करायला दिलं. आणि श्रोत्याने केलेलं काम कार्यक्रमात दिसायचं. माणूस एकदा पत्र लिहितो, मग पुढच्या बुधवारी रेडिओला कान लावून बसतो, शेजाऱ्यालाही बसवतो.

दुसरा धडा त्यांच्या आईकडून. कुलसुम सयानी मुंबईत प्रौढ शिक्षणाचं काम करायच्या. पडद्यामुळे बाहेर न पडणाऱ्या स्त्रियांना घरोघरी जाऊन तालीम देण्यापासून त्यांनी सुरुवात केली. नव्याने वाचायला शिकलेल्यांसाठी १९४० ते १९६० अशी वीस वर्षं त्यांनी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक चालवलं. त्यामागे गांधीजींची प्रेरणा होती. भाषा एकच, साधी हिंदुस्तानी. पण लिपी तीन: देवनागरी, उर्दू आणि गुजराती. ज्याला जी येते, त्याने ती वाचावी. अमीन सयानी या कामात आईला मदत करायचे. आपली साधी, सर्वांना कळणारी भाषा आपण तिथेच शिकलो, असं ते नंतर सांगत. आईला पद्मश्री मिळाली, पुढे मुलालाही, २००९ साली. अमीन सयानी फेब्रुवारी २०२४ मध्ये वारले, तोवर ‘बहनो और भाइयो’ ही त्यांची हाक तीन पिढ्यांच्या कानात बसली होती.

त्या घराकडे ना यूट्यूब होतं ना व्हॉट्सअ‍ॅप. पण आपला माणूस कोण आणि त्याला काय कळतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

एक श्रोता डोळ्यासमोर ठेवा

आमची पहिली चूक इथेच झाली. ‘सर्वांसाठी’ म्हणून सुरू केलं. परिणाम असा, की आमची मराठी पाठ्यपुस्तकासारखी झाली आणि बुजुर्ग आमच्यासमोर अवघडून बोलू लागले. मग आम्ही ठरवलं, आपली श्रोता म्हणजे चाळीशीची एक बाई. शाळा मराठीतून किंवा उर्दूतून झालेली, मुलं इंग्रजी माध्यमात. दुपारी घरकाम करताना फोन ओट्यावर ठेवणारी. तिला काय आवडेल, काय कळेल, ते करू या.

एवढं ठरवल्यावर कितीतरी प्रश्न सुटले. भाग दुपारच्या आधी टाकायचा. मराठी बोलता बोलता पाहुणे उर्दूत गेले तर थांबवायचं नाही, फक्त पुढच्या प्रश्नात तीच गोष्ट मराठीत गुंफायची. भागाचं नावही बदललं. आधी ‘भाग ४: स्थलांतराच्या आठवणी’ असं काहीतरी असायचं. आता ‘खालांनी कांदिवलीत पहिली खोली कशी मिळवली’ असं असतं. कोण, काय, कुठे, हे नावातच कळलं पाहिजे. फोनच्या पडद्यावर नावाचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात.

व्हॉट्सअ‍ॅपचा वापर, जरा जपून

आपल्या समाजात कुठलीही गोष्ट पसरते ती व्हॉट्सअ‍ॅपवरून. पण त्याचे काही बारकावे आहेत.

ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला मेसेज फक्त त्यांनाच मिळतो, ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. म्हणून लोकांचे नंबर गोळा करण्यापेक्षा, त्यांनी आपला नंबर सेव्ह करणं जास्त महत्त्वाचं. आम्ही भागाच्या शेवटी हेच सांगतो.

ऑडिओ फाइल थेट फॉरवर्ड केली तर ती होस्टिंगच्या आकड्यांत मोजली जात नाही. तरीही आम्ही वयस्कर लोकांना फाइलच पाठवतो, कारण लिंक उघडणं त्यांना जमत नाही. आकड्यासाठी माणूस गमावू नये.

आणि एक चूक कबूल करतो. सुरुवातीला उत्साहाच्या भरात आम्ही पालकांच्या ग्रुपमध्ये लिंक टाकली. दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांनी बोलावून शांतपणे सांगितलं, "तो ग्रुप मुलांच्या अभ्यासासाठी आहे." त्यांचं बरोबर होतं. शिक्षकाने पाठवलं म्हणून पालक ‘छान’ लिहितात, ऐकत नाहीत. मशिदीचे, सोसायटीचे, नातेवाइकांचे ग्रुप यांनाही हाच नियम. जो ग्रुप ज्या कामासाठी आहे, तिथे तेच. आपल्या श्रोत्यांसाठी वेगळा ग्रुप किंवा चॅनल काढावं, आणि ज्याला यायचंय त्याने यावं.

श्रोत्याला काम द्या

सयानींचा धडा आम्ही असा वापरला. प्रत्येक भागाच्या शेवटी एकच सोपा प्रश्न. उदाहरणार्थ, "भाकरीचं पीठ ज्यात मळतात, त्या लाकडी भांड्याला तुमच्या घरी काय म्हणतात?" उत्तर व्हॉइस नोटने पाठवायचं. कोणी ‘काथवट’ म्हणालं, कोणी म्हणालं, "आमच्याकडे कधीच नव्हतं, आम्ही परातीतच मळायचो." एका चाचांनी तर ते भांडं कोणत्या सुताराकडून आणलं होतं, तेही सांगितलं!

परवानगी घेऊन या व्हॉइस नोट पुढच्या भागात वाजवतो. आणि इथेच श्रोते वाढतात. ज्याचा आवाज वाजला, तो माणूस तो भाग मुंब्र्याच्या बहिणीला, पनवेलच्या मामूंना, कुवेतमधल्या मुलाला पाठवतो. आमच्या सांगण्याने जितके लोक आले, त्यापेक्षा कितीतरी जास्त असे आले.

येणाऱ्या प्रत्येक व्हॉइस नोटला आम्ही उत्तर देतो. तिघांनी वाटून घेतलंय. उद्या शेकडो आल्या तर जमणार नाही. पण आज जमतंय, तोवर हीच आमची ताकद आहे. मोठ्या चॅनलला हे परवडत नाही.

वेळ पाळा, लांबीची चिंता नको

भाग किती मिनिटांचा असावा, यावर लोक फार डोकं खर्च करतात. मुंबईतलेच अमित वर्मा ‘द सीन अँड द अनसीन’ हा इंग्रजी पॉडकास्ट जानेवारी २०१७ पासून करतात. सुरुवातीचे भाग वीसेक मिनिटांचे होते, नंतर गप्पा अनेक तासांच्या झाल्या, आणि श्रोते टिकले. मराठीतही ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचा ‘अमुक तमुक’, सौमित्र पोटे यांचा ‘मित्रम्हणे’ यांत लांब गप्पाच असतात. म्हणजे आजकाल लोकांना धीर नाही, हे काही खरं नाही. कंटाळवाणं मात्र दोन मिनिटंही कोणी ऐकत नाही.

वेळ मात्र पाळावी. दर आठवड्याला जमत नसेल तर पंधरा दिवसांनी, पण ठरलेल्या वारी. सुरू करण्याआधी चार भाग तयार ठेवा. शिक्षक असाल तर परीक्षेचे दिवस, बाकीच्यांनी रमजान आणि लग्नसराई आधीच धरून चला.

आवाज स्वच्छ हवा. वाईट चित्र लोक चालवून घेतात, वाईट आवाज नाही. काही शे रुपयांचा कॉलरला लावायचा माइक पुरतो. आमच्याकडे लोकल, रिक्षा, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग आणि शेजारचा कुकर असतोच. आम्ही आतली खोली घेतो, पंखा बंद करतो आणि समोर गादी किंवा गोधडी टांगतो, म्हणजे आवाज घुमत नाही. अजान सुरू झाली की रेकॉर्डिंग थांबवतो, चहा घेतो, मग पुढे. आणि मागे सिनेमाचं गाणं लावू नका. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि हक्काचा दावा येतो.

गर्दी आली, श्रोते गेले

आता सगळ्यात कडू धडा. आमच्या एका पाहुण्या खालांनी पाऊण तास छान गप्पा मारल्या. त्यात एका ठिकाणी त्यांनी सांगितलं, की त्यांचं नाव कळल्यावर एका घरमालकाने खोली द्यायला नकार दिला. पुढची वीस मिनिटं त्या ज्या मराठी कुटुंबाने त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं, त्या कुटुंबाबद्दल बोलल्या. त्या घरच्या आजींनी त्यांना मराठी वाचायला कसं शिकवलं, ते सांगताना त्या रडल्याही.

आम्ही काय केलं? नकाराचा चाळीस सेकंदांचा तुकडा कापला आणि रील म्हणून टाकला. लोक लहान व्हिडिओ बघतात, तिथूनच श्रोते येतात, असं आम्ही वाचलं होतं. रात्रीतून तो तुकडा आमच्या कुठल्याही भागापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी पाहिला. खाली शिव्या सुरू झाल्या, दोन्ही बाजूंनी. दुसऱ्या रात्री अकराला खालांच्या मुलाचा फोन आला. तो रागावला नाही, एवढंच म्हणाला, "सर, अम्मी झोपल्या नाहीत. त्या म्हणतात, मी एवढंच बोलले होते का?"

तुकडा आम्ही लगेच काढला. सकाळी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. नंतर आकडे पाहिले, तर त्या गर्दीतला जवळजवळ कोणीच पुढचा भाग ऐकायला आला नव्हता. उलट आमच्या जुन्या श्रोत्यांपैकी दोघींनी विचारलं, "आता तुम्हीही असंच करणार का?"

खालांना झालेला त्रास खरा होता आणि तो सांगायलाच हवा. पण त्यांनी तो ज्या गोष्टीत सांगितला, ती गोष्ट कापून नुसता त्रास बाजारात मांडायचा हक्क आम्हाला नव्हता. आता आमचा नियम आहे: कुठलाही तुकडा टाकण्याआधी पाहुण्यांना ऐकवायचा आणि त्यांची परवानगी घ्यायची. त्यांनी नको म्हटलं तर विषय संपला. खाला पुन्हा बोलायला तयार झाल्या, पण एका अटीवर: त्या आजींचं नाव आधी यायला हवं.

आकडे कसे वाचायचे

साधारण नियम असा, की किमान एक मिनिट ऑडिओ गेला तरच तो ‘ऐकला’ असं धरतात. त्यामुळे एकूण आकड्यापेक्षा दोन गोष्टी पाहा. किती लोक शेवटपर्यंत थांबले, आणि मागच्या भागाचे किती लोक या भागाला परत आले. लोक कुठे सोडून जातात, तो आलेख अ‍ॅपमध्ये दिसतो. आमचे लोक पहिल्या दीड मिनिटातच जायचे, कारण आम्ही तेवढा वेळ स्वतःचीच ओळख करून देत होतो! आता पाहुण्यांचं एक वाक्य आधी, मग सलाम, मग गप्पा.

पैशांचं म्हणाल तर उशीर लागतो. यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला साधारणपणे एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं. छोट्या पॉडकास्टला हे सोपं नाही. म्हणून नोकरी सोडून यात पडू नका, आणि कर्ज काढून कॅमेरा तर मुळीच घेऊ नका.

तुम्ही सुरू करणार असाल तर

एवढं करा. घरातल्या सर्वात वयस्कर माणसाजवळ बसा, फोन विमान मोडवर टाका आणि वीस मिनिटं बोलतं करा. ते रेकॉर्डिंग फक्त दहा जणांना पाठवा, ज्यांना त्या माणसाची कदर आहे. सोबत एक प्रश्न विचारा. दहापैकी चौघांनी उत्तर दिलं, तर समजा तुमचा पॉडकास्ट सुरू झाला. नाही दिलं, तर प्रश्न बदला, नाव बदला, पुन्हा पाठवा.

आणि समजा दहाच्या पुढे कोणी ऐकलंच नाही, तरी तुमच्या दादींचा, नानांचा आवाज घरात राहिला. आम्हाला एका दादींचा राहिला नाही. म्हणून सांगतो, या सुट्टीतच बसा.